नर्सिंगच्या सीबीटीसाठी अँकी: पावसाळाभर वापरल्यानंतर

ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची, म्हणजे एनएमसीची सीबीटी (तिकडे नर्स म्हणून नोंदणीसाठीची कॉम्प्युटरवरची परीक्षा) देऊ पाहणाऱ्या गोव्यातल्या सिस्टर्ससाठी हे लिहितेय. पावसाळ्याच्या तोंडावर अँकी हे फ्लॅशकार्डचं अ‍ॅप फोनवर घेतलं, ड्युटी सांभाळून रोज वापरलं, आणि परीक्षेचे दोन्ही भाग पास झाले. ते कुठे कामाला येतं आणि कुठे त्याच्यावर विसंबून चालत नाही, हे ज्यांची तारीख जवळ आलीय त्यांना कळायला हवं असं मनापासून वाटतं.

परीक्षेचं स्वरूप बहुतेकींना ठाऊक असेल. भाग अ गणिताचा: 15 प्रश्न, अर्धा तास. भाग ब क्लिनिकल: 100 प्रश्न, अडीच तास. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. माझा सगळा भर भाग ब वर होता. नर्सिंग होऊन काही वर्षं झाली की आपण आपल्या वॉर्डापुरत्या पक्क्या होतो. मेडिसिन वॉर्डातल्या सिस्टरला बालरोगातलं नॉर्मल रेस्पिरेशन आठवत नाही, सर्जिकलवालीला इन्सुलिनचे प्रकार धूसर होतात. अशा विखुरलेल्या, एकेकाळी पाठ असलेल्या गोष्टी पुन्हा जिभेवर आणायला अँकीसारखं दुसरं साधन मला सापडलं नाही.

काम साधं आहे. समोर प्रश्न येतो, तुम्ही मनात उत्तर देता, कार्ड उलटता आणि आठवलं की नाही, किती सहज आठवलं, ते बटण दाबून सांगता. जे पक्कं आहे ते लांबच्या तारखेला जातं, जे निसटतंय ते लवकर परत येतं. डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या कदंब बसमध्ये बसायला जागा मिळाली की माझी निम्मी कार्डं तिथेच व्हायची. नाईटनंतर मात्र कार्डं घेऊन बसत नसे. डोळे मिटत असताना दाबलेल्या बटणांना अर्थ नसतो, आणि अ‍ॅप पुढच्या तारखा त्याच बटणांवरून ठरवतं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो न्यूज-टू या स्कोअरसाठी, म्हणजे पेशंट खालावतोय हे वेळीच ओळखायच्या गुणतक्त्यासाठी. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये काढलेली ही आवृत्ती तिकडच्या वॉर्डांचा कणा आहे. आम्ही टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) लिहितो, पण त्याला गुण देऊन बेरीज करायची सवय आमच्या वॉर्डात नाही. श्वास मिनिटाला 12 ते 20 असेल तर शून्य, 21 ते 24 ला 2, 25 किंवा जास्त झाला की 3. ऑक्सिजन चालू असेल तर त्याचेच 2. नव्याने गोंधळलेला पेशंट म्हणजे थेट 3. बेरीज 5 किंवा 6 आली तर तातडीने बोलवायचं, 7 पासून इमर्जन्सी, आणि एकाच रकान्यात 3 आले तरी गप्प बसायचं नाही. हा तक्ता अख्खा एका कार्डावर टाकला असता तर तो कधीच लक्षात राहिला नसता. मी प्रत्येक आकड्याचं वेगळं कार्ड केलं आणि प्रत्येकाच्या मागे ‘का’ अशी एक ओळ मराठीत लिहिली. उदाहरणार्थ, सॅच्युरेशनची दुसरी पट्टी, जिथे 88 ते 92 ला शून्य गुण. तिच्यामागे लिहिलं होतं: सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारामुळे ज्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो त्याला जास्तीचा ऑक्सिजनच घातक, म्हणून त्याचं लक्ष्य खाली, आणि ही पट्टी वापरायची की नाही हे डॉक्टरने ठरवायचं. परीक्षेत प्रश्न आकडा विचारत नाही, पेशंट उभा करतो. ‘का’ माहीत असेल तरच त्या पेशंटमध्ये आकडा दिसतो.

दुसरी जागा बेडसोअरच्या धोक्याची. कॉलेजात आपण ब्रेडन स्केल शिकलो: गुण कमी, धोका जास्त. ब्रिटनच्या पुस्तकांत वॉटरलो भेटतो आणि तो बरोबर उलटा: 10 पासून धोका, 15 पासून जास्त, 20 पासून फार जास्त. अशा जोड्यांची कार्डं एकाच दिवशी, शेजारी-शेजारी शिकू नका. एक पक्कं होऊ द्या, मग दुसरं घाला. साखरेचंही तसंच. आपले रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये, त्यांचे मिलिमोलमध्ये. 18 ने गुणलं की आपला आकडा येतो. त्यांचा हायपोग्लायसेमियाचा, म्हणजे साखर फार उतरल्याचा उंबरठा 4, म्हणजे आपले 72. हेपरिनला प्रोटामिन, वॉरफरिनला व्हिटॅमिन के, पॅरासिटॅमॉलच्या ओव्हरडोसला अ‍ॅसिटिलसिस्टिन, मॅग्नेशियम सल्फेटला कॅल्शियम ग्लुकोनेट ही उताऱ्यांची यादी तर कार्डांसाठीच जन्मलेली आहे.

आता मर्यादा. भाग ब मधले बरेच प्रश्न पाठांतराचे नसतातच. शुद्धीत असलेली, सगळं समजणारी आजी गोळी नको म्हणते आणि मुलगा म्हणतो, सिस्टर, जेवणात मिसळून द्या. आमच्याकडे अशा वेळी मुलाचा शब्द चालतो. कन्सेंटवर सहीही बहुतेकदा नातेवाइकांचीच असते, आणि आजीला कोणी विचारतही नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या 2005 च्या मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टची सुरुवातच अशी की समोरच्या प्रौढ माणसाला निर्णयक्षमता आहे हे गृहीत धरायचं, आणि निर्णय शहाणपणाचा वाटत नाही म्हणून ती क्षमता नाही असं म्हणायचं नाही. त्या आजीचा नकार हा नकारच. कायद्याची पाच तत्त्वं मी कार्डावर पाठ केली होती, तरी सराव-प्रश्नांत हात मुलाच्या बाजूच्या पर्यायाकडे जायचा, कारण तो हात रोजच्या वॉर्डाने घडवलेला आहे. इथे उपयोग झाला तो एनएमसीचा कोड, म्हणजे नर्सने कसं वागायचं याची नियमावली, सावकाश वाचण्याचा आणि नाईटला काम निवळल्यावर सोबतच्या केरळच्या सिस्टरशी एकेक प्रसंग घेऊन वाद घालण्याचा. सेफगार्डिंग (दुबळ्या पेशंटला छळापासून जपणं), हेल्थकेअर असिस्टंटला काम सोपवणं, चूक घडल्यावर पेशंटला उघड सांगणं, हे सगळं याच वाटेने समजलं. एक गोष्ट मला मनापासून पटली आणि वॉर्डात मी ती पाळू लागलेय: आधी पेशंटला विचारते, मग नातेवाइकांकडे वळते.

तयार डेक, म्हणजे दुसऱ्याने बनवलेले कार्डांचे संच, घेऊ नका, हे माझं ठाम मत. मी आणलेल्या एका मोठ्या डेकमध्ये जुन्या गाइडलाइनची उत्तरं होती, शिवाय अमेरिकन आणि ब्रिटिश पद्धती एकत्र कालवलेल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘आलेल्या प्रश्नांच्या’ पीडीएफपासून तर लांबच राहा. परीक्षेतले प्रश्न बाहेर देणं-घेणं नियमाविरुद्ध आहे, आणि एनएमसी हा विषय फार गंभीरपणे घेते. नायजेरियातल्या इबादानच्या एका केंद्रावरच्या गैरप्रकारांचं प्रकरण 2023 मध्ये बाहेर आलं, तेव्हा तिथे परीक्षा दिलेल्या अनेकांच्या निकालांची चौकशी झाली. परीक्षेचा अधिकृत ब्लूप्रिंट, म्हणजे कशावर प्रश्न येतात त्याचा आराखडा, उपलब्ध आहे. तो समोर ठेवून स्वतः कार्डं बनवा. कार्ड बनवतानाच अर्धा अभ्यास होतो.

चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची अडचण आधीच सांगून ठेवते. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-फुलांची सजावट), पाहुणे, आरत्या यांत कार्डं उघडायला फुरसत नसते, आणि परत येऊन पाहावं तर साचलेल्या कार्डांचा आकडा छाती दडपवणारा. सणाच्या आठवडाभर आधी नवीन कार्डं शून्यावर आणा, म्हणजे मागची उजळणी आटोक्यात राहते. मुळातच दिवसाला 20 नवीन ही अ‍ॅपची ठरलेली संख्या शिफ्ट ड्युटीवालीला जड आहे, निम्मी ठेवा. 2023 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत एफएसआरएस नावाची वेळापत्रकाची नवी पद्धत आली, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. माझी रोजची उजळणी तिच्यामुळे हलकी झाली.

भाग अ साठी मात्र वही-पेन. एक लिटर सलाइन आठ तासांत, सेट मिलिलिटरला 20 थेंबांचा: 1000 गुणिले 20, भागिले 480, म्हणजे मिनिटाला 42 थेंब. हे हाताने इतकं करा की एककं आपोआप बदलता आली पाहिजेत.

लेप्टो, डेंगी आणि आमच्या सत्तरीतला माकडताप यांची कार्डं मी वेगळ्या डेकमध्ये ठेवली आहेत. सीबीटीसाठी त्यांचा उपयोग नाही, पण पावसात शेतातून तापाने येणाऱ्या आणि काजूच्या दिवसांत रानातून येणाऱ्या पेशंटसाठी आहे. तो डेक कायम राहील.

अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर अँकी पूर्ण मोफत आहे. आयफोनवर एकदाच पैसे भरावे लागतात. आता माझ्यासमोर ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा आहे, ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष द्यायची, दहा स्टेशनांची. तिच्यासाठी कार्डांवर फक्त पायऱ्यांचा क्रम ठेवलाय. बाकी सराव बहिणीला पलंगावर झोपवून, मोठ्याने बोलत चालतो.