बिनगोळीची शिट्टी, ट्रॅकर आणि चंदेरी चादर: डोंगरात मूल हरवलं तर कामाला काय येतं?

एका दिवसाच्या डोंगरवाटेवर मुलांना न्यायचं म्हटलं की खरेदीच्या यादीत ट्रॅकर सगळ्यात वर असतो आणि शिट्टी शेवटी, जमलं तर. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. रानात जे सामान चालायला दुसऱ्याचा फोन किंवा नेटवर्क लागतं, त्याला गुण कमीच मिळणार.

शिट्टीपासून सुरुवात करू. फॉक्स ४० क्लासिक ही बिनगोळीची शिट्टी. ऐन सामन्यात शिट्टीतली गोळी अडकते या वैतागातून कॅनडातले बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी ती बनवून घेतली आणि १९८७ मध्ये ती बाजारात आली. जुन्या शिट्टीतली बुचाची गोळी थुंकीने फुगते, थंडीत गोठते आणि फार जोरात फुंकलं तर जागीच चिकटते. घाबरलेलं मूल नेमकं तसंच फुंकतं. क्लासिकमध्ये हलणारा भागच नाही. आत तीन कप्पे आहेत, त्यांचे सूर एकमेकांपेक्षा किंचित वेगळे आहेत, म्हणून आवाज थरथरत निघतो आणि वाऱ्याच्या किंवा पाण्याच्या एकसुरी आवाजातून वेगळा ओळखू येतो. कंपनी ११५ डेसिबल सांगते. पाण्यात पडली तरी एक फुंकर मारली की पाणी बाहेर. ओरडणारं मूल थोड्याच वेळात घसा बसून गप्प होतं, शिट्टीला मात्र नुसता श्वास पुरतो.

दोषही आहेत. आवाज बाहेर पडायच्या फटींवर बोट आलं तर शिट्टी फुसफुसते, आणि लहान मुलं ती हमखास मुठीत धरतात. दोन बाजूंनी चिमटीत धरायला शिकवावं लागतं. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या तोंडाला ती जाड पडते. त्यांच्यासाठी मऊ रबरी मुखाची आवृत्ती किंवा त्याच कंपनीची चपटी मायक्रो बरी. कानाजवळ वाजली तर खरोखर दुखतं, त्यामुळे सराव मोकळ्या जागेतच.

सॅकच्या छातीच्या पट्ट्यातल्या बकलला जी शिट्टी असते ती मोठ्यांना ठीक आहे, मुलांसाठी नापास. आवाज बारीक, आणि मूल फुलपाखरामागे धावतं तेव्हा सॅक दगडावर टेकवून गेलेलं असतं. शिट्टी अंगावर हवी. गळ्यात अडकवायची तर ओढ बसली की आपोआप सुटणाऱ्या बकलची दोरी घ्या. साधी दोरी फांदीत अडकली तर गळफास होतो. अशी दोरी नसेल तर शिट्टी सरळ जॅकेटच्या चेनला बांधा.

विकणारे एक गोष्ट सांगत नाहीत: खुणा सगळीकडे सारख्या नाहीत. उत्तर अमेरिकेत मदतीची हाक म्हणजे तीन लांब शिट्ट्या, थांबायचं, पुन्हा तीन. आल्प्स आणि ब्रिटनमध्ये मिनिटात सहा, मग मिनिटभर शांतता. तिथे मिनिटात तीन याचा अर्थ ‘ऐकलं, येतोय’ असा होतो. म्हणजे एकीकडची हाक दुसरीकडे उत्तर ठरते. जिथे जाणार तिथली खूण शिकवा. मूल अगदी लहान असेल तर मोजणी सोडा, ‘वाजव, थांब, ऐक’ एवढं पुरे. शोधणाऱ्यांनीही सतत वाजवत राहू नये. शांततेच्या मिनिटातच उत्तर ऐकू येतं, आणि दरीत प्रतिध्वनी दिशा चुकवतो. म्हणून दोन वेगळ्या जागांवर उभं राहून ऐकावं आणि मगच निघावं.

आता ट्रॅकर, म्हणजे ॲपलचा नाण्यासारखा छोटा एअरटॅग. यात जीपीएस नाही. तो ब्लूटूथवर खूण सोडतो, जवळून जाणारा ॲपलचा फोन ती पकडतो आणि आपली जागा इंटरनेटवरून कळवतो. गर्दीच्या ठिकाणी हे चांगलं चालतं. निर्जन वाटेवर मात्र नकाशावर शेवटची जागा दिसते ती बहुधा गाडी लावलेल्या ठिकाणची. तो वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही, हे ॲपल स्वतः सांगते. आणखी एक धोका आहे: आतली सीआर २०३२ नाण्याएवढी बॅटरी. ती गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तिचं झाकण दाबून फिरवलं की उघडतं, तेव्हा टॅग स्क्रू असलेल्या कव्हरमध्येच ठेवा. घ्यायचाच तर वाहनतळ आणि गर्दीच्या पहिल्या टप्प्यापुरता धरा.

मुलांची जीपीएस घड्याळं थोडी बरी, पण त्यांचाही घोटाळा होतो. उपग्रहाकडून जागा कळायला नेटवर्क लागत नाही, ती आईवडिलांच्या फोनवर पोचवायला लागतं. दरीत घड्याळाला स्वतःची जागा माहीत असते, पण सांगता येत नाही. वर दर मिनिटाला जागा कळवायची सेटिंग ठेवली तर बॅटरी दुपारीच मान टाकते. गार्मिन इनरीच मिनी २ सारखं उपग्रह यंत्र खरोखर नेटवर्कशिवाय चालतं, सुमारे १०० ग्रॅमचं आहे, मात्र वर्गणी आणि मोकळं आकाश दोन्ही लागतात. ते मोठ्या माणसाकडे असावं, मुलाच्या गळ्यात नव्हे.

थंडीपासून वाचवणाऱ्या पातळ, चकचकीत चंदेरी चादरीचं कौतुक जरा जास्तच होतं. ती अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत पाठवते, पण जमिनीतून येणारी थंडी अडवत नाही. आधी खाली सॅक, दोर किंवा कोरडी पानं, त्यावर मूल, मग चादर. वाऱ्यात ती फडफडते आणि एकदा टोक फाटलं की टरकन दुभंगते. मुलाला एकट्याने तिची घडी उलगडणं जमत नाही. त्यापेक्षा जाड, भडक नारिंगी कचऱ्याची मोठी पिशवी सरस. तिच्या बंद टोकाजवळ चेहरा पूर्ण बाहेर राहील एवढं भोक घरीच कापून ठेवायचं, म्हणजे ती अंगावर ओढली की पाऊस आणि वारा अडतो, लांबून दिसतेही. भोक न कापलेली पिशवी मुलाच्या हाती मुळीच देऊ नका.

मनगटी पट्टी स्वस्त आणि उत्तम. तिच्यावर दोन फोन नंबर लिहा, नाव आतल्या बाजूला. नाव बाहेर असलं तर कुणीही नावाने हाक मारून विश्वास मिळवू शकतो. मार्कर घामाने आणि सनस्क्रीनने पुसतो, वर पारदर्शक चिकटपट्टी लावा.

फुकटातली दोन कामं यादीतल्या बऱ्याच वस्तूंना मागे टाकतात. निघताना मुलाचा डोक्यापासून बुटापर्यंत फोटो काढा, म्हणजे त्या दिवसाचे कपडे सांगता येतात. आणि टॉवेलवर ॲल्युमिनियमची फॉइल ठेवून त्यावर बूट दाबून तळव्याचा ठसा घ्या. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोजवळ नऊ वर्षांचा मुलगा डोंगरात हरवून दगावला. त्यानंतर सुरू झालेल्या ‘हग अ ट्री’ कार्यक्रमात ठसा, शिट्टी आणि पिशवी तिन्ही शिकवतात. मुख्य शिकवण एवढीच: हरवलास हे कळलं की एका झाडाला धरून बस, पुढे चालू नकोस.

आता परकं मूल सापडलं तर सापडणाऱ्याने काय करायचं ते पाहू. गुडघ्यावर बसून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या, पट्टीवरचा नंबर बघा. ओरडू नका, लहान मुलं अनोळखी हाकेला लपून बसतात. मुलाला घेऊन वाटेने चालू लागणं ही सगळ्यात वारंवार होणारी चूक. आईवडील शेवटच्या जागेकडे परततात आणि दोन्ही पक्ष एकमेकांना चुकवत फिरतात. दोन माणसं मुलाजवळ थांबा, उरलेल्यांपैकी एकेकाने वाटेच्या दोन्ही दिशांना जावं. दगड कोसळण्यासारखा धोका असेल तरच हला, आणि ठळक खूण मागे ठेवून. नंबर लागला नाही तर तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. फोनवरचे अक्षांश-रेखांश अंश-दशांशात, चार दशांश स्थळांपर्यंत सांगितले तरी जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी कळते. आकडे लिहून मग वाचा, घाईत उलटसुलट होतात.

आईवडील भेटले की ज्यांना ज्यांना फोन केला त्या सगळ्यांना परत फोन करून शोध थांबवायला सांगा. हा फोन हटकून राहून जातो आणि माणसं अंधारात शोधत राहतात.