तेलगळती: बाटली की पॅकिंग?
आमची जुनी मारुती ८०० सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज एक काळा ठिपका सोडते. उपाय दोन. पहिला, लीक-स्टॉपची बाटली इंजिन ऑइलमध्ये ओतायची. कडक झालेलं रबर त्याने जरा फुगतं, मऊ होतं. काम पाच मिनिटांचं, पण फाटलेलं पॅकिंग (जोडातून तेल गळू न देणारी पट्टी) त्याने सांधत नाही. दुसरा, टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंगच बदलायचं. पुण्यात नाना पेठेत सुटं मिळतं. इंजिन थंड असताना कव्हर उतरवा, जुनं पॅकिंग खरवडा, कडा कोरड्या पुसा, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. जोर केलात तर कव्हर वाकतं आणि पुन्हा ठिपका (अनुभवाचे बोल!). मी पॅकिंगच बदलेन. बाटली फक्त क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलसाठी. ते बदलायला गिअरबॉक्सच उतरवावा लागतो.