टियागो ईव्ही आणि इनोव्हा क्रिस्टा: एका घरात दोन गाड्या, अडीच वर्षांचा अनुभव

आधीच सांगते, मी गाड्यांमधली तज्ज्ञ वगैरे नाहीये. हिशेब लिहायची नोकरी करते आणि घरातल्या दोन गाड्यांचा हिशेबही मलाच ठेवावा लागतो, तेवढ्या भांडवलावर लिहितेय. घरात सहा माणसं. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई (आई) आणि सासरे (बाबा). घर पुण्यात कर्वेनगरला, नवऱ्याचं गाव गुहागरजवळ.

आधी आमच्याकडं एक वॅगनआर होती आणि एक दुसरी हॅचबॅक. दोन्ही पेट्रोल, दोन्ही पाच सीटच्या, एकीत जे जमायचं तेच दुसरीत जमायचं आणि जे नाही जमायचं ते दोन्हीत नाही. गणपतीला गावी जाताना सहा जणांसाठी दोन्ही गाड्या काढायच्या, म्हणजे दोन ड्रायव्हर, डबल पेट्रोल, डबल टोल, आणि खंबाटकीत एकमेकांची चुकामूक झाली की फोनवर "तुम्ही पुढं का मागं" चालू. शिवाय नवरा आणि मी दोघंही चालवत असल्यामुळे झोपायला कोणालाच मिळायचं नाही. असं सात वर्षं केलं. दोन गाड्या आहेत म्हणून लोक आम्हाला श्रीमंत समजायचे, प्रत्यक्षात आमच्याकडं एकच गाडी दोनदा होती.

2023 मध्ये दोन्ही विकायच्या ठरल्या. पहिली इनोव्हा आली, 2021 चं मॉडेल, सेकंडहँड, 2.4 डिझेल, मॅन्युअल, सात सीटची, मधे दोन वेगळ्या खुर्च्या असतात ती. तेव्हा हायक्रॉस (इनोव्हाचीच नवी गाडी, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणाऱ्या हायब्रिडमध्येही मिळणारी) नवीनच आली होती आणि ओळखीतला प्रत्येक माणूस सांगत होता की हायब्रिड घ्या, शहरात फिरताना ॲव्हरेज बघा म्हणजे कळेल. बरोबरच आहे त्यांचं. हायब्रिडचा खरा फायदा शहरातच होतो, थांबत थांबत चालताना ब्रेकमधून बॅटरी भरते आणि सिग्नलला इंजिन बंद राहतं. पण आमचं दुसरी गाडी इलेक्ट्रिक घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं, मग शहरात ती इनोव्हा फिरणारच किती? जे काम ती करणारच नाही त्या कामासाठी जास्तीचे पैसे का मोजायचे, या एका मुद्द्यावर नवऱ्याशी माझे दोन रविवार वाद झाले आणि शेवटी जुनं डिझेलच घेतलं. एकच गाडी ठेवायची असती तर मीसुद्धा हायब्रिडकडंच गेले असते, हेही सांगून टाकते.

डिझेलचं अजून एक असतं जे आम्हाला गाडी दाखवायला नेली तेव्हा मेकॅनिकनं सांगितलं. बीएस6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो स्वतःला जाळून साफ करतो पण त्यासाठी गाडी चांगली तापायला लागते. रोज तीन किलोमीटर जाऊन बंद, परत तीन किलोमीटर येऊन बंद, असं केलं तर तो तुंबत जातो. त्याचं वाक्य होतं, "ताई, हिला भाजी आणायला पाठवू नका, हिला हायवे दाखवा." आमच्या सगळ्या निवडीचं सार त्या माणसानं फुकटात सांगितलं म्हणायचं.

मग भाजी आणायला कोण, तर टियागो ईव्ही. 24 किलोवॅट अवर बॅटरीवाली, आम्ही घेतली तेव्हा कंपनी 315 किलोमीटर म्हणायची, आमच्या हाताला एसी लावून, सिंहगड रोड आणि कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये 200 च्या आसपास पडतात. माझं ऑफिस शिवाजीनगरला, मधे मुलीचा क्लास एरंडवण्यात, बाबांना महिन्यातून दोनदा डॉक्टरकडं, दिवसाला पंचवीसेक किलोमीटर होतात. म्हणजे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा चार्ज. साधा 15 अँपिअरचा सॉकेट आहे पार्किंगमध्ये, रात्री लावायची, सकाळी काढायची. त्या सॉकेटसाठी सोसायटीच्या तीन मीटिंगा झाल्या ते वेगळं. एका काकांचं म्हणणं होतं की रात्री गाडीतून करंट उतरेल! आता तेच काका स्वतःसाठी ईव्ही बघतायत आणि चार्जरचं विचारायला माझ्याकडंच येतात.

खर्चाचं सांगते कारण तेच सगळे विचारतात. टियागो महिन्याला साधारण 900 किलोमीटर फिरते आणि त्याला 130 च्या आसपास युनिट लागतात. घरच्याच मीटरवर घेतलं तर महावितरणचा स्लॅब वर सरकतो आणि फ्रिज-गीझरचे युनिटही महाग पडायला लागतात, म्हणून पार्किंगसाठी वेगळं मीटर घेतलं ते बरं झालं. हेच 900 किलोमीटर इनोव्हानं शहरात केले असते तर लिटरला दहाच्या हिशेबानं 90 लिटर डिझेल. पुढचा गुणाकार तुम्हीच करा, मी केला तेव्हा नवरा गप्प झाला होता. हायवेला तीच इनोव्हा आम्हाला चौदापर्यंत देते आणि 55 लिटरची टाकी असल्यामुळे गुहागरला जाऊन, तिथं इकडंतिकडं करून, परत पुण्यात येईपर्यंत पंपाकडं बघावंही लागत नाही.

चालवायला दोन्ही गाड्या इतक्या वेगळ्या आहेत की इनोव्हातून उतरून टियागोत बसलं की पहिले पाच मिनिटं डावा पाय क्लच शोधत असतो. इनोव्हाचा क्लच जड आहे, नळस्टॉपच्या सिग्नलला अर्धा तास गेला तर पोटरी बोलायला लागते. पण उंब्रजला हायवे सोडून पाटणकडं वळलं, कोयनानगर मागं पडलं आणि कुंभार्ली घाट उतरायला लागलं की या गाडीचं वजन चांगलं वाटायला लागतं. पावसाळ्यात तिथं धुकं इतकं असतं की समोरच्या एसटीचे फक्त दिवे दिसतात, अशा वेळी उंच बसलेलं बरं असतं. मागची तिसरी रांग दोन भागांत आहे आणि सीट बाजूला वर दुमडतात, आम्ही एक उघडी ठेवतो, तिच्यावर धाकटा, आणि दुसऱ्या बाजूला सामान. मे महिन्यात येताना त्याच जागेत आंब्याच्या चार पेट्या, नारळाचं पोतं आणि आईंचा कोकमाचा कॅन मावतो. धाकटा मात्र घरी येईपर्यंत आंब्यासारखा वास मारत असतो.

टियागो घेऊन लांब गेलोच नाही असं नाही. एकदा आम्ही चौघं पाचगणीला गेलो होतो, मुद्दाम, बघू तरी म्हणून. घरातून 100 टक्के निघालो, वाईपर्यंत सगळं मजेत, पसरणी घाट चढायला लागल्यावर मात्र आकडे असे उतरायला लागले की मागं बसलेल्या मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली आणि मला तिला दटावावं लागलं. वर पोचलो तेव्हा 34 राहिले होते. एका चार्जिंग स्टेशनवर गेलो, ॲपमध्ये हिरवं दाखवत होतं, प्रत्यक्षात मशीनवर कापड टाकलेलं. शेवटी हॉटेलवाल्यानं मागच्या बाजूला वॉशिंग मशीनचा सॉकेट दिला आणि रात्रभर तिथं लावून ठेवली. परतताना घाट उतरताना रीजेन (वेग कमी होताना बॅटरी परत भरते ते) पूर्ण वर ठेवला, ब्रेकला पाय जवळजवळ लावलाच नाही आणि वाईत पोचेपर्यंत चार टक्के परत आले, तेव्हा नवऱ्याला जो आनंद झाला तो पगारवाढीलाही होत नाही. तर, जाता येतं. पण सासू-सासऱ्यांना घेऊन, रात्री, पावसात असं करायची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही कारण दुसरी गाडी त्यासाठीच आहे. अजून एक, टियागो ईव्हीत स्टेपनी नाही, पंक्चर किट मिळतं. शहरात चालून जातं.

गंमत म्हणजे 2025 पासून सरकारनं मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धीवर ईव्हीला टोल माफ केला. आणि आमची ईव्ही जाते कुठं, तर मंडईत. एक्सप्रेसवेवर जाते ती डिझेलवाली, पूर्ण टोल भरून :)

आता तक्रारी. पार्किंग आम्हाला एकामागं एक असं मिळालंय. इनोव्हा 4735 मिलिमीटर, टियागो 3769, दोन्ही मिळून साडेआठ मीटर, आणि आमच्या जागेची लांबी त्याहून जेमतेम हातभर जास्त. कुठली पुढं लावायची यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी गाड्या घेताना झाली नव्हती. रोज निघणारी टियागो बाहेर, इनोव्हा आत भिंतीशी, हे साधं वाटतं. पण चार्जिंगचा सॉकेट भिंतीवर आहे ना! मग चार्ज करायच्या रात्री अदलाबदल, नवरा खाली जाणार, आधी टियागो काढणार, मग इनोव्हा काढणार, मग टियागो आत, मग इनोव्हा, आणि सकाळी मला निघायचं तर पुन्हा तीच पूजा उलटीकडून. सहा महिने हे केल्यावर इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट पुढच्या खांबावर आणून घेतला. दोन गाड्या घेणार असाल तर आधी पार्किंगमध्ये जाऊन टेप लावा, शोरूममध्ये नंतर जा.

दुसरं म्हणजे उभी राहणारी गाडी. मागच्या जुलैत इनोव्हा अठरा दिवस हललीच नाही, त्यात धाकट्यानं मागचा दिवा चालू ठेवला होता, तो कोणी बघितलाच नाही. पहाटे पाचला सगळे सामानासकट खाली, आणि चावी फिरवली तर नुसतं टक टक. ईव्हीवरून जंप स्टार्ट करायचं नसतं म्हणून समोरच्या विंगमधल्या एकांना झोपेतून उठवून त्यांची गाडी आणली. चूक पूर्ण आमचीच. तेव्हापासून दर रविवारी इनोव्हानं कात्रज किंवा चांदणी चौकाच्या पुढंपर्यंत जाऊन यायचं असा नियम केलाय, बॅटरीलाही बरं आणि त्या फिल्टरलाही. इन्शुरन्स दोन भरायचे, सर्व्हिसिंग दोन, महिन्यातून चार वेळा फिरणाऱ्या गाडीचा पूर्ण हप्ता भरताना जीवावर येतं हे खरंय. एखाद्या महिन्यात वाटतं की गावी जायला गाडी भाड्यानं केली असती तर स्वस्त पडलं असतं. मी तो हिशेबही मांडलाय, आणि वर्षाला गावच्या सात-आठ खेपा नसत्या तर इनोव्हा विकायला मीच पहिली निघाले असते.

आणि तिसरी तक्रार माझी नाही, आईंची आहे, आणि तीच सगळ्यात खरी आहे. त्यांचे गुडघे दुखतात. इनोव्हात चढायचं म्हणजे दाराच्या वरचं हँडल धरून, एक पाय फूटबोर्डवर, मागून कोणीतरी आधार द्यायचा. टियागोत उलटं, आधी पाठमोरं बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा, आणि उतरताना खड्ड्यातून वर आल्यासारखं. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "अगं, एक गाडी दुसऱ्या मजल्यावर आणि एक तळघरात. ती जुनी आपली तळमजल्यावर होती." वॅगनआर म्हणायचं होतं त्यांना. आणि खरंच, तिची सीट बरोब्बर खुर्चीच्या उंचीला होती, दार मोठं, डोकं वाकवायला लागायचं नाही. आम्ही बॅटरी बघितली, ॲव्हरेज बघितलं, फिल्टरचा अभ्यास केला आणि ज्या बाईला रोज गाडीत बसवायचं तिला एकदाही शोरूममध्ये नेऊन बसवलं नाही. हे मला आजही खटकतं. आज पुन्हा घ्यायची वेळ आली तर छोटी गाडी मी नक्की इलेक्ट्रिकच घेईन, पण जरा उंच सीटची बघेन, भले मग डिकी लहान असो.

उपाय म्हणून टियागोच्या पुढच्या सीटवर एक घट्ट उशी टाकलीय, आणि इनोव्हासाठी घरातला जुना सागवानी पाट. दार उघडलं की नवरा खाली पाट ठेवतो, आई त्याच्यावर चढून मग फूटबोर्डवर, अगदी पालखीत बसल्यासारखं, हॉटेलबाहेर लोक बघत राहतात. मागच्या खेपेला तो पाट गुहागरच्या ओटीवरच राहिला. आई म्हणाल्या राहू दे, तिकडंही चढायला लागतोच, इकडं मी आता उशीवाल्या गाडीनंच फिरते.