साइडव्हीलच्या गाडीचे टायर: नक्षी बघून बदलायचे की वय बघून?

मावशीची आणि माझी स्कूटर एकाच महिन्यात घेतलेली. साल 2018, जून. दोन्हींना मागे जादा चाकांचं किट बसवलेलं, म्हणजे मधलं मूळ चाक जागेवर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक साइडव्हील. लोक तिला तीनचाकी म्हणतात, पण टायर मोजले तर चार. मला लहानपणी पोलिओ झाला. मावशीचा डावा पाय मधुमेहात गुडघ्याखाली काढावा लागला. मी रोज मिरज ते सांगली जाऊन-येऊन वीस किलोमीटर करतो. मावशी बँक, दवाखाना आणि गुरुवारी दत्ताचं देऊळ, सगळं मिळून आठवड्याला दहा-बारा किलोमीटर.

टायर कधी बदलायचे, हा प्रश्न आम्हा दोघांना पडला आणि दोघांची उत्तरं वेगळी निघाली. ज्यांच्या दारात अशी गाडी आहे आणि जे टायरकडे बघून ‘चालेल अजून वर्षभर’ म्हणतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

साध्या दुचाकीला लोक एकच नियम लावतात: नक्षी संपली की टायर बदला. दुचाकीला तो बऱ्यापैकी पुरतो, कारण तिथे दोन्ही टायर कामाला जुंपलेले असतात. आपल्या गाडीत तसं नाही. मधलं चाक इंजिनाची ओढ घेतं, मागचा ब्रेकही बहुतेक किटमध्ये त्याच्यावरच असतो. साइडची चाकं नुसती सोबत फिरतात. त्यांना ना ओढ, ना ब्रेक. त्यामुळे मधला टायर झिजून संपतो आणि साइडचे टायर वयाने संपतात. साइडच्या टायरची नक्षी शेवटपर्यंत छान दिसत राहते, आणि तिथेच माणूस फसतो.

मी फसलो तो प्रसंग सांगतो. 2023 च्या एप्रिलमध्ये दुपारी जयसिंगपूरला निघालो होतो. अंकलीच्या पुलाच्या अलीकडे डावीकडून फाटकन आवाज आला आणि गाडी डावीकडे झुकली. वेग तीसच्या आत होता म्हणून सावरली. खाली बघितलं तर डाव्या साइडव्हीलचा टायर बाजूच्या भिंतीवर बोटभर उभा फाटलेला आणि त्यातून ट्यूब बाहेर आलेली. नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक होती. कुबड्या घेऊन रस्त्याच्या कडेला दोन तास बसलो. दुचाकीवाला गाडी ढकलत पंक्चरच्या दुकानापर्यंत जातो, आपल्याला ते जमत नाही. दुपारच्या उन्हात तिथे बसलेलं मी विसरलेलो नाही.

टायर पाच वर्षांचा आहे असा माझा समज होता. दुकानात तो काढल्यावर कारागिराने आतल्या बाजूचा आकडा दाखवला: 2114. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. म्हणजे 2014 सालचा एकविसावा आठवडा. किट बसवणाऱ्याने मला चार वर्षं पडून असलेला टायर ‘नवीन’ म्हणून लावला होता, आणि आकड्याची बाजू आत फिरवून बसवली होती. फाटला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. माझी मोजणी किट बसवल्याच्या दिवसापासून सुरू झाली होती, आणि ती चुकीची होती.

हा चार आकड्यांचा शिक्का टायरच्या बाजूच्या भिंतीवर लांबट गोल चौकटीत असतो, बऱ्याचदा एकाच बाजूला. साइडच्या चाकांवर तो आत गेला असेल तर वाकून बघणं आपल्यातल्या अनेकांना शक्य नसतं. मी मोबाइलचा व्हिडिओ चालू करतो, टॉर्च लावतो, फोन चाकाच्या आतल्या बाजूला धरतो आणि कुणाला तरी गाडी हळूहळू एक फेरा पुढे ढकलायला सांगतो. मग निवांत बसून व्हिडिओ थांबवत आकडा शोधायचा. चारही टायरचे आकडे वहीत लिहून ठेवले की अर्धा निर्णय तिथेच होतो.

आता दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवून बघा.

माझ्या गाडीत मधला टायर दोन-सव्वादोन वर्षांत संपतो. गाडी वळताना झुकत नाही, त्यामुळे गोलसर टायर मधोमध सपाट होत जातो, आणि कडेची नक्षी कोरी राहते. बाजूने बघितलं तर टायर तरुण दिसतो, मागून बघितलं तर मधला पट्टा गुळगुळीत. या टायरचा निर्णय सोपा आहे. खोबणीत मध्येमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, भिंतीवर त्यांच्या जागी लहान त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपला. कायद्याने दुचाकी आणि तीनचाकीला 0.8 मिलिमीटर खोली पुरते, पण पावसाळा तोंडावर असेल तर मी तेवढी वाट बघत नाही. मे महिन्यात दोन मिलिमीटरच्या खाली गेलेली नक्षी पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल-मातीचा राडा असताना, काहीच कामाची नसते. मधल्या टायरचं वय बघायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, कारण तो तितका जगतच नाही.

मावशीच्या गाडीत उलट. सातव्या वर्षीही तिचा मधला टायर बघून कुणी म्हणेल, परवाच बसवलाय. गेल्या उन्हाळ्यात मी तिला टायर बदल म्हणालो तेव्हा ती रागावलीच. ‘चांगल्या वस्तू टाकायची तुम्हा पोरांना सवय,’ म्हणाली. मग मी अंगठ्याचं नख तिच्या टायरच्या नक्षीत रुतवून दाखवलं. रुतलंच नाही. माझ्या वर्षभर जुन्या टायरमध्ये नखाची खूण उमटते आणि हळूहळू भरून येते. तिच्या टायरवर नख पाटावर टेकल्यासारखं वाजलं. भिंत अंगठ्यांनी दाबली तर केसासारख्या बारीक चिरा उघडल्या, आणि खोबणीच्या तळाशीही तशाच चिरा होत्या. रंग काळा राहिला नव्हता, पिठूळ करडा झाला होता.

उभ्या गाडीचे टायर चांगले राहतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. रबरात मेणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. टायर फिरताना दबतो आणि उठतो, तसा तो आतून पृष्ठभागावर येत राहतो आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवतो. गाडी आठवडा आठवडा जागेवर उभी राहिली की हे काम थांबतं. वर ऊन असेल तर आणखी वाईट. मावशीची गाडी दारात अशी उभी असते की दुपारनंतरचं ऊन फक्त उजव्या साइडव्हीलवर येतं. तिच्या उजव्या टायरच्या चिरा डाव्यापेक्षा कितीतरी जास्त होत्या. एकाच दिवशी बसवलेले, तितकेच फिरलेले दोन टायर, फरक फक्त उन्हाचा. आमच्या सांगलीत ही गत, तर चंद्रपूर-नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत उघड्यावर उभ्या गाडीचं काय होत असेल याचा विचार तिथल्यांनी जरूर करावा. हवा कमी असताना दिवसेंदिवस उभी ठेवली तर टायर एकाच जागी दबून राहतो, तोही एक घाव आहेच.

वयाची मर्यादा किती धरायची? टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा सल्ला साधारण असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर कितीही चांगला दिसला तरी बदला. मला दहा हा आकडा आपल्या गाडीसाठी मान्य नाही. तो शेवटचा दगड आहे, तिथपर्यंत जायचं नसतं. साइडच्या चाकांना मी सहा वर्षं धरतो, उत्पादनाच्या आकड्यापासून. त्याआधी चिरा दिसल्या तर त्याआधी. सहाच का? आपलं रस्त्यात अडकणं इतरांपेक्षा महाग पडतं म्हणून. शिवाय डावं साइडव्हील रस्त्याच्या कडेने चालतं. खिळे, काचा, फुटलेला डांबराचा काठ हे सगळं तिथेच असतं, आणि रस्त्याचा उतारही डावीकडे असल्याने भारही त्याच्यावर थोडा जास्त येतो.

पुढच्या टायरबद्दल मी सगळ्यात कडक आहे. गाडी झुकत नसल्याने वळताना पुढचं चाक थोडं घासतच वळतं. त्याच्या कडा झिजतात, नक्षीच्या ठोकळ्यांना करवतीसारखे दात येतात, आणि सिमेंटच्या रस्त्यावर घर्र असा आवाज येतो. आवाजाचं मी मनावर घेत नाही, पण कडक झालेल्या रबराचं घेतो. ओल्या रस्त्यावर हँडल वळवलं आणि गाडी सरळच निघाली, हा अनुभव ज्याला आलाय त्याला यापुढे काही सांगायला नको. पुढचा टायर पाचव्या वर्षी, नक्षी असो वा नसो.

आता पैशांचा भाग. गेल्या वेळी मला एका टायरला चौदाशेच्या आसपास गेले. चारही एकदम म्हटलं की साडेपाच हजार आणि वर ट्यूब, मजुरी. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही. म्हणून चारही एकदम बदलावेत असं मी कुणाला सांगत नाही. पण साइडचे दोन्ही मात्र जोडीनेच बदलायचे. एकच फाटला आणि एकच बदलला तर नवा उंच, जुना बुटका. गाडी एका अंगावर कलते आणि हँडल ओढत राहतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती दुकानदार सांगत नाहीत. साइडला दोन नवे टायर लावले आणि मधला झिजलेला तसाच ठेवला, तर साइडची चाकं चार-पाच मिलिमीटरने उंच होतात. ज्या किटला साइडला शॉकअप आहेत तिथे हे बऱ्यापैकी खपून जातं. जिथे चाकं नुसत्या लोखंडी दांड्यावर घट्ट बसवलेली आहेत, तिथे मधल्या चाकाचा जमिनीवरचा दाब कमी होतो. ओढ आणि ब्रेक दोन्ही त्याच चाकावर! चढावर इंजिन नुसतं ओरडतं, चिखलात चाक जागेवर फिरतं, आणि ब्रेक दाबला की गाडी हवी तिथे थांबत नाही. म्हणून साइडचे बदलायचे असतील आणि मधला निम्म्याहून जास्त झिजलेला असेल, तर तिन्ही एका वेळी करा किंवा मेकॅनिककडून किटची उंची जुळवून घ्या. पुढचा टायर यात मोडत नाही, तो पुढच्या पगाराला केला तरी चालतो.

साइडचा एखादा टायर काही महिन्यांतच एका कडेने झिजला असेल, तर नवा आणायच्या आधी चाक सरळ आहे का ते बघा. मधल्या चाकाच्या बाजूने सुतळी ताणून धरायची आणि साइडच्या चाकाच्या पुढच्या व मागच्या टोकापासून सुतळीपर्यंतचं अंतर मोजायचं. दोन्हीकडे सारखं हवं. माझ्या गाडीत एकदा नऊ मिलिमीटरचा फरक निघाला होता. तसाच नवा टायर लावला असता तर तोही घासून गेला असता.

रिमोल्ड टायरचा पर्याय कुणीतरी सुचवतंच, कारण तो निम्म्यात मिळतो. नवी नक्षी चढवतात, पण सांगाडा जुनाच राहतो, आणि आपला सगळा प्रश्नच जुन्या सांगाड्याचा आहे. मी घेणार नाही. जुन्या बाजारातला ‘कमी चाललेला’ टायर तर अजिबात नको. कमी चाललेला टायर म्हणजे काय, ते मावशीच्या गाडीने दाखवलंय.

ट्यूब की ट्यूबलेस, हे बऱ्याचदा रिमच ठरवतं. बऱ्याच किटमध्ये बोल्टने जोडलेली दोन भागांची रिम असते, तिथे ट्यूब लागतेच. पंक्चर झालं की ट्यूबची हवा एका दमात जाते, ट्यूबलेसची हळूहळू, म्हणून रिम बदलून ट्यूबलेस करता येत असेल तर तो खर्च मला पटतो. ट्यूबच ठेवणार असाल तर टायरसोबत तीही नवीन घ्या. जुनी ट्यूब वॉल्व्हच्या बुडाशी चिरते.

मावशीने शेवटी ऐकलं. साइडचे दोन आणि पुढचा मे महिन्यात बदलले, मधला दिवाळीच्या आधी. चार-पाच महिन्यांचा तो उशीर तिने किटला शॉकअप आहेत म्हणून केला, आणि मला तो ठीक वाटला. दुकानात मी तिच्यासोबत गेलो होतो. पहिल्यांदा आणलेल्या टायरवर तीन वर्षांपूर्वीचा आकडा होता, तो परत पाठवला. वर्षाच्या आतलाच हवा म्हणून सांगितलं, तर कारागीर गोदामातून दुसरे घेऊन आला. बसवायच्या आधी मावशीने त्याला थांबवलं आणि आकड्यांची बाजू बाहेर घ्यायला लावली.