फ्लो मीटरमधली नको ती थरथर कशाने शोधायची: मीटरचीच सोय, पेन, ॲनालायझर की कायमचा सेन्सर?

व्हॉल्व्ह बंद असतानाही फ्लो मीटर (पाइपमधून किती द्रव किंवा वाफ वाहते ते मोजणारं यंत्र) घनमीटर मोजत बसला, की गोव्यातली वेर्णाची औद्योगिक वसाहत असो वा कुंडईची, पहिला फोन मीटर विकणाऱ्याला जातो. त्याचा माणूस येतो, 'लो कट-ऑफ' (ज्याच्या खालचा प्रवाह शून्यच धरायचा ती मर्यादा) वाढवतो, आकडा शून्यावर येतो आणि सगळे चहाला जातात. दुखणं तसंच राहतं, वर कट-ऑफच्या खालचा खरा प्रवाहही आता शून्यच दिसतो. रात्रपाळीत बॉयलरवरून थोडीच वाफ ओढली जाते, आणि नेमकी तीच हिशेबातून गळते. म्हणून कट-ऑफला हात लावण्याआधी कंपन आहे का आणि ते कुठून येतं, हे बघायचं. त्यासाठी पैसे किती घालायचे, हा खरा प्रश्न.

आधी मीटर कुठल्या जातीचा ते पाहा. व्होर्टेक्स मीटरमध्ये प्रवाहाच्या आड एक दांडी असते, तिच्या मागे आळीपाळीने भोवरे सुटतात आणि त्यांची फ्रिक्वेन्सी वेगाच्या प्रमाणात असते. पण ते मोजणाऱ्या पायझो सेन्सरला (हिसक्याचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारा) बसलेला हिसका भोवऱ्याचा की पाइपचा, हे सेन्सरला स्वतःहून कळत नाही. त्यामुळे कंपनाची सगळ्यांत जास्त तक्रार इथलीच. कोरिओलिस मीटर प्रवाहाचं वस्तुमान मोजतो, त्याच्या नळ्या मुळात थरथरत्याच ठेवलेल्या असतात, बाहेरचं कंपन त्यांच्या फ्रिक्वेन्सीशी जुळलं तरच घोळ होतो. एकाच स्किडवर (लोखंडी सांगाड्यावर) एकाच मापाचे दोन शेजारी शेजारी बसवले, तर ते एकमेकांनाही छळतात. पाण्याच्या लाइनीवर मॅग मीटर (चुंबकीय क्षेत्रावर चालणारा) असेल तर कंपन हा शेवटचा संशयित. तिथे आधी अर्थिंग आणि ढिले टर्मिनल बघा.

आता पहिली वाट: मीटरची स्वतःची सोय. फुकट आहे आणि सगळ्यांत कमी वापरली जाते. व्होर्टेक्स असेल तर दाखवलेला प्रवाह उलटा फ्रिक्वेन्सीत आणा. समजा नेमप्लेटवर के-फॅक्टर लिटरला १० पल्स आहे आणि बंद लाइनीवर मीटर ताशी ८.६४ घनमीटर दाखवतोय. म्हणजे सेकंदाला २.४ लिटर, म्हणजे २४ हर्ट्झ. शेजारच्या पंपाची मोटर १४४० आरपीएमची आहे? तीही सेकंदाला २४ फेऱ्या मारते. चोर सापडल्यात जमा. आकडा ताशी १८ घनमीटरवर खिळला असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे संशय विजेवर. खात्री करायची तर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून मीटर प्रवाहापासून तोडा (लाइनीतून काढायचा नाही), पंप बायपासवर चालू ठेवा (बंद व्हॉल्व्हवर पंप रेटत ठेवू नका) आणि मग मोटर बंद करा. मोटरच्या विजेचा गोंधळ असेल तर आकडा फटकन जातो. कंपन असेल तर पंप थांबेपर्यंत तो घसरत घसरत खाली येतो. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर वेग थोडा कमी करा, कंपनाचा आकडा मागोमाग सरकेल.

कोरिओलिसवर हेच काम 'ड्राइव्ह गेन' (नळ्या थरथरत ठेवायला मीटरला किती जोर लावावा लागतो तो आकडा) करतो, पण तो जपून वाचा. नळीत हवा शिरली, आत थर साचला, तरी गेन चढतो. नुसता गेन बघून कंपनाचं निदान करणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

दुसरी वाट, कंपन मोजणारं व्हायब्रेशन पेन, हजारांत मिळतं. टेकवलं की मिलिमीटर प्रति सेकंदात एकच आकडा देतं, साधारण १० ते १००० हर्ट्झमधलं सगळं एकत्र धरून. घुमट (गोव्याचं तालवाद्य) वाजतंय एवढं कळतं, ताल कुठला ते नाही. मीटरसाठी तर तालच महत्त्वाचा. सोबत मिळणारा हिरवा-पिवळा-लाल तक्ताही पंप-मोटरसारख्या यंत्रांसाठीचा असतो. त्यात पाइप हिरव्यात बसला म्हणून व्होर्टेक्स सुखी, असं समजू नये. पेनचा खरा उपयोग लाइनीवरून चालत जायला: पंपापासून मीटरपर्यंत प्रत्येक सपोर्टवर आकडा घ्या, कुठे वाढतो ते दिसतं. बऱ्याचदा तिथला क्लॅम्प सैल निघतो.

कंपनाचा ॲनालायझर लाखांत जातो, पण फ्रिक्वेन्सी उघडी करून दाखवतो. दोन पोलची मोटर २९०० आरपीएमने फिरते, म्हणजे ४८.३ हर्ट्झ, वीज ५० हर्ट्झची. हा फरक पेनला दिसणं शक्य नाही. ॲनालायझरवर ४०० हर्ट्झपर्यंतचा पट्टा ८०० रेषांत घेतलात तर दर अर्ध्या हर्ट्झला एक रेषा येते, त्यामुळे हे दोन वेगळे दिसतात, आणि एका मोजणीला दोन सेकंद पुरतात. सहा पाती असलेल्या इंपेलरचा (पंपातल्या फिरत्या चाकाचा) ठोका वेगाच्या सहापट फ्रिक्वेन्सीवर येतो, तोही इथे ओळखता येतो.

एक गोष्ट मात्र कॅटलॉगात शोधूनही सापडणार नाही. ॲनालायझरचा ॲक्सेलरोमीटर (कंपन टिपणारा सेन्सर) बहुधा मॅग्नेटवर येतो आणि गोव्यातल्या फार्मा कारखान्यांत प्रोसेस लाइन ३१६ एल स्टेनलेसची. तिथे मॅग्नेट चिकटतच नाही. कुणी तो हाताने दाबून धरतो, आणि वरच्या फ्रिक्वेन्सी हातातच जिरतात. मेण, चिकट बेस किंवा क्लॅम्प आहे का, हे ॲनालायझर मागवायच्या आधी विचारा. कोरिओलिसवर मोजताना केसिंगवर नको, फ्लँजवर ठेवा आणि मीटरची वीज बंद करा, नाहीतर त्याचीच थरथर मोजून याल.

मोबाइलच्या ॲपबद्दलही विचारणा होते. फोनचा सेन्सर सेकंदाला शंभर-दोनशे नोंदी घेतो, त्यामुळे २४ हर्ट्झ पकडतो, पात्यांचा ठोका नाही. पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटच्या भागात फोन नेण्याचा तर प्रश्नच नाही.

कायमचा वायरलेस सेन्सर ऐकायला छान. बॅटरी वाचवायला तो ठरावीक वेळांनी जागा होतो. मधल्या वेळात बॅच भरली आणि संपली, तर त्याला पत्ताही नाही. ज्वलनशील भागासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि वास्को-सड्याच्या खाऱ्या वाऱ्यात, पावसाळ्यात ओल आत शिरली तर सेन्सर आधी आणि पंप नंतर बिघडतो. ज्या मीटरवर पैशाचं बिल निघतं किंवा बॅचचा इंटरलॉक (चूक झाली की काम आपोआप थांबवणारी सोय) अडकलाय, तिथेच तो परवडतो.

माझं मत असं: पाच-सात मीटरांच्या कारखान्याने फुकटची चाचणी आणि एक पेन यावर भागवावं, आकडा जुळत नसेल तर ॲनालायझरवाल्याला एक दिवस बोलवावं. ॲनालायझर विकत घ्यावा तो फिरती यंत्रं भरपूर असलेल्यांनी, कारण बेअरिंगलाही तोच लागतो. बोलावलेल्या माणसाकडून तिन्ही दिशांचं मोजमाप लिहून घ्या. व्होर्टेक्सला सगळ्यांत जास्त झोंबतं ते प्रवाहाला आणि दांडीला दोन्हींना आडवं कंपन. जोर त्याच दिशेला निघाला, तर नवा मीटर मागवण्याआधी आहे तोच पाइपभोवती ९० अंशांत फिरवून बसवा. वाफेच्या लाइनीवर तसं बसवणं चालतं का, तेवढं मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.