पाय-घोट्याच्या टेंडनसाठी आयसीडी-१०-सीएम: काही महिने रोज वापरल्यानंतर

पुण्यात बसून अमेरिकेतल्या पोडियाट्री (पावलांच्या उपचारांच्या) चार्टचं कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना विम्याच्या क्लेमसाठी ठरलेले कोड लावते. आधी जनरल मेडिसिन करत होते, तेव्हाही निदानांच्या कोडचा हाच संच होता, आयसीडी-१०-सीएम. पण त्याची ताकद आणि कमतरता दोन्ही मला टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) दुखापतींत कळल्या.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून तो लागू केला आणि डावा-उजवा पाय कोडमध्येच आला. एस८६.०११ए म्हणजे उजव्या अकिलीसचा (टाचेमागच्या टेंडनचा) स्ट्रेन, म्हणजे ताणल्याची दुखापत. सहाव्या जागी २ आला की डावा. सर्जरीच्या कोडला उजव्या बाजूचा मॉडिफायर (बाजू सांगणारी जोडखूण) आणि निदानात डावा पाय, ही गफलत क्लेम जाण्याआधीच दिसते. हे मला फार आवडतं.

शेवटच्या अक्षराबद्दल मात्र नव्या मुलांना सारखं सांगावं लागतं की ‘ए’ म्हणजे पहिली व्हिजिट नव्हे. इमर्जन्सीत स्प्लिंट लावून पाठवलेला पेशंट नंतर सर्जनकडे गेला, ऑपरेशन झालं, तरी ‘ए’च, कारण मुख्य उपचार चालू आहेत. जखम नीट भरतेय का हे दाखवायला, टाके काढायला आला की ‘डी’. तिथे आफ्टरकेअरचा (उपचारानंतरच्या देखभालीचा) झेड कोड लावायचा नाही, गाइडलाइनमध्ये तसं स्पष्ट आहे.

आता खटकणारं. टेनिस खेळताना टाचेमागे ‘पॉप’ झालं, पोटरी दाबली तरी पाऊल हलत नाही, एमआरआयमध्ये टेंडनच्या दोन टोकांत अंतर दिसतंय. डॉक्टरांनी एवढं सगळं लिहिलेलं असतं आणि कोड मात्र स्ट्रेनचाच, नुसतं ताणलेल्या पेशंटला लागतो तोच! ऑपरेशन का करावं लागलं, हे निदानाच्या कोडवरून कुणालाच कळणार नाही. पूर्ण तुटलेल्या अकिलीसला वेगळा कोड हवाच, असं माझं ठाम मत आहे.

पेरोनियलचीही (पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या टेंडनची) तीच रड. पोटरीच्या पातळीवर त्याला एस८६.३ हा स्वतंत्र गट आहे. घोट्याच्या पातळीवर, एस९६ मध्ये, तो ‘इतर’मध्ये ढकललेला. आणि हे टेंडन बरेचदा फाटतं ते बाहेरच्या घोट्यामागेच. नोटमध्ये पातळी नसेल तर मी डॉक्टरांना सरळ क्वेरी टाकते.

सगळ्यात जास्त वाचावं लागतं ते एम६६ साठी, म्हणजे आपोआप तुटलेल्या टेंडनच्या कोडसाठी. निरोगी टेंडनवर जबर ताण येऊन ते तुटलं तर एसचा, म्हणजे दुखापतीचा कोड. आधीच कमकुवत झालेलं टेंडन साध्या हालचालीत तुटलं तर एम६६. लेव्होफ्लॉक्सॅसिनच्या गटातल्या अँटिबायोटिक औषधांवर एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामकाने) २००८ मध्ये टेंडन तुटण्याबद्दल चौकटीतला इशारा टाकायला लावला, त्यामुळे पायरी उतरताना टेंडन तुटलेल्या पेशंटची औषधांची यादी मी आधी उघडते. पण औषधाचा संबंध डॉक्टरांनी लिहिलेला हवा, तो कोडरने जोडायचा नसतो.

टॅब्युलर लिस्ट (सूचनांसकट सगळ्या कोडची क्रमवार यादी) उघडल्याशिवाय कोड फायनल करू नका. पावलावर सुरी पडून बोटांचा एक्स्टेन्सर (बोटं वर उचलणारं टेंडन) कापला गेला, तर एस९६.१२ च्या कोडसोबत उघड्या जखमेचा एस९१ ही लागतो, आणि ती सूचना एस९६ च्या मथळ्याखाली दिलेली असते.