उद्यमनगरातला लोखंडी ‘ब्लॉकर’: उंची चिनी सेंटरची, बेस मात्र धोक्याचा

उभा चौकोनी पाइप, वर फोम गुंडाळलेले दोन हात, खाली जाड प्लेट. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडून बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या सरावासाठी असा ‘ब्लॉकर’, म्हणजे शॉट अडवणारा खोटा डिफेंडर, करून घेता येतो. कामाची वस्तू आहे, पण ऑर्डर देताना मापं आपणच सांगायची.

पहिलं माप उंचीचं. 2024 मध्ये शेंझेनला झालेल्या 18 वर्षांखालील आशिया कपमध्ये चीनची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी उंच खेळाडू, झांग झीयू हिची उंची 2.20 मीटर नोंदवली होती. रिंग 3.05 मीटरवर असते, त्यामुळे ती पाय न उचलता बास्केट करायची. तिच्या हातांचा अंदाज यायचा तर ब्लॉकर किमान 2.85 मीटरपर्यंत गेला पाहिजे. 2.40 वर अडकलेला ब्लॉकर म्हणजे हात वर केलेली आपल्याकडचीच जरा उंच मुलगी, तेवढ्यासाठी लोखंड कशाला?

जागचा न हलणारा डिफेंडर खोटा वाटेल, पण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत रिंगखालच्या चौकोनात थांबायची तीन सेकंदांची मर्यादा फक्त अटॅक करणाऱ्यांना आहे. डिफेन्सची सेंटर रिंगखाली हवा तितका वेळ उभी राहू शकते. म्हणून ब्लॉकर रिंगसमोर 1.25 मीटरच्या अर्धवर्तुळाच्या रेषेवर ठेवा आणि अडीच-तीन मीटरवरून फ्लोटर, म्हणजे डिफेंडरच्या हातांवरून उंच उचललेला हलका शॉट, मारायला लावा. रिंगच्या वर असलेला बॉल एकदा खाली उतरू लागला की डिफेंडरला त्याला हात लावता येत नाही, म्हणून शॉट उंच हवा. सपाट शॉट फोमला थडकतो, मुलीला लगेच कळतं. बॉल 6 नंबरचाच वापरा.

आता दोष. उंची कमी-जास्त करायला दोन इंची पाइपात दीड इंची सरकवतात, पण पाइपाची भिंत 2 मिमी धरली तरी दोन्ही बाजूंना चार-चार मिमी फट उरते. आतला पाइप 30 सेंमीच आत राहिला तर वरचं टोक चार-पाच सेंमी डुलतं. फट भरायला नायलॉनचे बुश (कड्या) बसवून घ्या, शिवाय उंची धरणाऱ्या पिनेच्या जोडीला बाजूने एक आवळायचा बोल्ट. नुसत्या पिनेवर भोकं लंबुळकी होतात.

सगळ्यात गंभीर गोष्ट बेसची. 60 बाय 60 सेंमीची, 6 मिमी जाडीची प्लेट जेमतेम 17 किलो भरते, मुलगी धडकली की ब्लॉकर कलतो. वीस किलोच्या दोन वाळूच्या पिशव्या लागतातच. पण उडी मारून उतरताना पाय प्लेटच्या कडेवर पडला तर घोटा गेलाच म्हणून समजा. कडा घासून गोल करून घ्या, वर रबर मॅट चिकटवा, आणि शॉट मारणारी जिथे उतरेल तिथून प्लेट मीटरभर लांब हवी. हे करणार नसाल तर घेऊच नका.

हातांना लोखंड नको. एक इंची पीव्हीसी पाइप, त्यावर एसीच्या पाइपचा काळा फोम आणि खांद्याशी स्प्रिंग. हात मागे वाकला पाहिजे, नाहीतर बोटं दुखावतात.

आणि याच्याकडून काय होणार नाही तेही पाहा. त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये झांगने 42 गुण केले, तरी ऑस्ट्रेलियाने 96-79 असा सामना मारला. उंच सेंटरला बाहेर ओढून पळवायचा सराव पाइपाशी होत नाही. चीनचीच दुसरी उंच सेंटर हान शू तर तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारते, तिथे ब्लॉकरचा काडीचा उपयोग नाही. त्यासाठी जिवंत मुलगीच हवी, फार तर तिच्या हातात झाडू द्या.

बारा वर्षांखालच्या मुलींना हा प्रकार दाखवूही नका, शॉटची ढब बिघडते.

कोल्हापूरच्या पावसात उघड्या कोर्टवर ठेवणार असाल तर वरच्या टोकाला टोपी, तळाशी पाणी जायला 6 मिमीचं भोक आणि रंगाआधी रेड ऑक्साइड सांगून घ्या. नाहीतर दसऱ्यापर्यंत आतला पाइप गंजून जाम होतो आणि मग हातोडा.